कम्युनिटी कॉलेजचा अकाउंटिंग / बिझनेस प्रोग्रॅम कसा पारखायचा? (बे एरिया)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. यावर आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या प्लीज.
मी सांगलीची, शिवाजी विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीकॉम फर्स्ट क्लास, नंतर पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात टॅली, टीडीएस, जीएसटी रिटर्न असं सगळं काम केलंय. आता कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, इथे येऊन दीड वर्ष झालं, नवऱ्याचा एच१बी (नोकरीचा व्हिसा) आणि मला नुकतंच एच४ ईएडी (त्याच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी) मिळालंय. अकाउंटिंगमध्येच परत उभं राहायचंय, जमलं तर पुढे सीपीए (म्हणजे इथला सीए), पण आधी इथली सिस्टिम शिकायची आणि हातात काहीतरी नोकरी हवी.
डी अँझा, फूटहिल, मिशन आणि ओलोनी या चारही कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) साइट बघितल्या. सगळीकडे सर्टिफिकेट आहे, असोसिएट डिग्री आहे, शिवाय बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची ट्रान्सफरवाली (पुढे युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांसाठीची) डिग्री वेगळीच. वाचून वाचून डोकं भणाणलंय. रँकिंग असं कुठे नाहीच. मग चांगलं कुठलं हे ठरवायचं कशावरून?

सायली_फ्रीमाँट
मलाही हेच विचारायचं होतं, फक्त मी बीई कॉम्प्युटर आहे आणि अकाउंटिंगचा गंध नाही. वाचतेय.

ताळेबंद
कृष्णाकाठ, धागा काढलात हे बरं केलंत. मी इथे सीपीए आहे आणि माझे अकाउंटिंगचे जवळजवळ सगळे युनिट (म्हणजे क्रेडिट) कम्युनिटी कॉलेजातूनच केलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.
कॉलेज चांगलं का वाईट हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी शेवट ठरवा आणि तिथून उलटं मागे या. एकाच कॉलेजचा एकच क्लास तुमच्यासाठी सोन्याचा असतो आणि शेजारच्या बाकावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी वाया जाऊ शकतो, कारण तो तिथून यूसी किंवा सीएसयूला (कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं) ट्रान्सफर होणार असतो आणि तुम्हाला तो क्लास सीपीएचं लायसन्स देणाऱ्या बोर्डाला दाखवायचा असतो.
तुमचा शेवट सीपीए असेल तर पहिलं पान कॉलेजचं उघडूच नका, कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीचं उघडा. परीक्षेला बसायला बॅचलर्स डिग्री, २४ सेमिस्टर युनिट अकाउंटिंगच्या विषयांचे आणि २४ बिझनेसशी संबंधित विषयांचे लागतात. लायसन्सच्या नेहमीच्या रस्त्याला एकूण १५० युनिट, त्यात २० 'अकाउंटिंग स्टडी'चे आणि १० एथिक्सचे, शिवाय एक वर्षाचा अनुभव. आणि कॅलिफोर्नियाचं मोठं सुख म्हणजे हे २४ अकाउंटिंग युनिट कम्युनिटी कॉलेजचे चालतात. एथिक्सच्या १० मध्ये ३ युनिट अकाउंटिंग एथिक्सचे हवेत, ते एरवी अपर डिव्हिजनचे (डिग्रीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या पातळीचे) लागतात पण कम्युनिटी कॉलेजात केले असतील तर ती अट नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच हा रस्ता धरून ठेवलाय, हा काही मागच्या दाराचा प्रकार नाही, कुणी तसं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.
आता कॅटलॉग घ्या. इंटरमीजिएट अकाउंटिंगचे सगळे भाग, कॉस्ट, फेडरल टॅक्स, ऑडिटिंग, सरकारी आणि नॉनप्रॉफिट अकाउंटिंग, अकाउंटिंग एथिक्स हे त्यात आहेत का बघा. नुसते फायनान्शियल, मॅनेजरियल, पेरोल आणि क्विकबुक्स एवढंच असेल तर तो बुककीपरचा प्रोग्रॅम आहे. त्यात वाईट काही नाही पण तुमचा शेवट तिथे येत नाही.
आणि कॅटलॉगमध्ये आहे म्हणजे क्लास होतो असं नाही हां! हे सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या दोन वर्षांची क्लास शेड्यूल शोधा, बहुतेक कॉलेजांच्या साइटवर जुनी सापडतात, आणि ऑडिटिंग, इंटरमीजिएटचा शेवटचा भाग हे खरोखर कधी कधी झाले ते बघा. काही ठिकाणी अ‍ॅडव्हान्स क्लास वर्षातून एकदाच असतो, विद्यार्थी कमी आले की रद्द, की तुमचं एक अख्खं वर्ष पुढे ढकललं गेलं.

जमाखर्च
ताळेबंद +१. रद्द होण्याचा अनुभव घेतलाय, कॉलेजचं नाव घेत नाही, क्लास सुरू व्हायच्या आठवड्यात ईमेल आलं. तेव्हापासून एका कॉलेजवर अवलंबून राहत नाही, दोन कॉलेजात अकाउंट उघडून ठेवलेत. बोर्डाला काय, ट्रान्सक्रिप्ट दोन आले काय आणि तीन आले काय, फरक पडत नाही. फूटहिलचे अकाउंटिंगचे बरेच क्लास ऑनलाइन असतात त्यामुळे लांबचे लोकही तिथे घेतात.

कृष्णाकाठ
ताई किती धन्यवाद म्हणू! दोन शंका. फूटहिल-डी अँझाचे युनिट आणि ओलोनी-मिशनचे युनिट वेगळे दिसतात, ते कसं? आणि मी असोसिएट डिग्री घ्यायची का नाही? घरून आईबाबा म्हणतात अमेरिकेची डिग्री हवी.

ताळेबंद
डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, मिशन आणि ओलोनी सेमिस्टरवर. बोर्ड सेमिस्टरमध्ये मोजतं. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, म्हणजे ५ क्वार्टर युनिटचा क्लास ३.३३ धरतात. म्हणून २४ साठी क्वार्टरचे ३६ लागतात. हा हिशोब पहिल्याच दिवशी एक्सेलमध्ये मांडून ठेवा, शेवटी अर्ध्या युनिटसाठी अडकलेली माणसं बघितलीत.
पैशात फारसा फरक नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिट ४६ डॉलर, क्वार्टर युनिट ३१. २४ युनिट म्हणजे ११०४ डॉलर आणि ३६ म्हणजे १११६. वर कॉलेजच्या किरकोळ फिया. जगात इतकं चांगलं शिक्षण एवढ्या पैशात कुठे मिळतं सांगा मला. पण हा दर रहिवाशांना, म्हणजे टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष एक दिवस राज्यात राहून तो इरादा कागदावर दाखवता आला पाहिजे. एच४ वाल्यांना रहिवासी होता येतं, त्यामुळे स्टेट टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, लीज घेऊन अ‍ॅडमिशन्स ऑफिसात जा. पहिल्या फॉर्मवर सिस्टिमने नॉनरेसिडेंट दाखवलं तर घाबरू नका, पण तसेच पैसेही भरू नका, तो दर युनिटला कित्येक शे डॉलर असतो.
डिग्रीचं म्हणाल तर तुमच्याकडे बीकॉम आहे, ती बॅचलर्सच्या बरोबरीची धरली गेली तर असोसिएट डिग्रीसाठी परत इतिहास, इंग्लिश, पीई करण्यात वेळ घालवू नका. सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट मिळत असेल तर घ्या, ते तसंही त्याच क्लासमधून बनतं. आईबाबांना सांगा लायसन्स आल्यावर फ्रेम करून पाठवते.

निवृत्त_मास्तर
मी महाराष्ट्रात कॉमर्स कॉलेजात शिकवत असे, सध्या मुलाकडे सॅन होजेला आलो आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो. परदेशी डिग्रीचं इव्हॅल्युएशन (ती इथल्या कशाच्या बरोबरीची ते ठरवणं) करणारी एजन्सी फक्त गुणपत्रिका बघते असं नाही, विषय कशात मोडतो हेही बघते. आपल्या बीकॉमच्या गुणपत्रिकेवर 'अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटन्सी पेपर २' एवढंच लिहिलेलं असतं, त्यात कंपनी अकाउंट्स आहे का कॉस्टिंग आहे हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवतानाच त्या वर्षांचा सिलॅबसही शिक्का मारून घ्यावा. सांगलीत कोणी नातेवाईक असतील तर त्यांना अधिकारपत्र देऊन कोल्हापूरला पाठवा, पोस्टाने मागवण्यापेक्षा लवकर होतं. कॉलेजचं त्या वेळचं नॅक ग्रेडही (कॉलेजच्या दर्जाचं मानांकन) विचारून ठेवा.

ताळेबंद
मास्तर, फार मोलाचं सांगितलंत. नॅकचं कारण असं की डब्ल्यूईएससारख्या एजन्सी तीन वर्षांची भारतीय डिग्री फर्स्ट क्लास असेल आणि नॅक 'ए' असेल तर अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, नाहीतर तीन वर्षांचं शिक्षण एवढंच लिहून देतात. पण सगळ्या एजन्सी एकसारखं लिहीत नाहीत, आणि कॅलिफोर्निया बोर्डाची स्वतःची मान्य एजन्सींची यादी आहे, त्यातलीच हवी. म्हणून कृष्णाकाठ, कॉलेजात एकही क्लास घ्यायच्या आधी हे करून टाका. त्यावरून कळेल की मुळात कमी काय पडतंय. भारतातले अकाउंटिंग युनिट भरपूर धरले गेले तर तुम्हाला फक्त टॅक्स, ऑडिटिंग, एथिक्स एवढेच लागतील. तोच विषय दोनदा केला तर दोनदा मोजला जात नाही.

सायली_फ्रीमाँट
आणि माझ्यासारख्या इंजिनिअरचं काय? मला तर ४८ युनिट शून्यातून करावे लागतील ना?

ताळेबंद
नाही हो! बिझनेसशी संबंधित २४ मध्ये कॅलिफोर्निया कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स हे सगळं धरतं. बीई कॉम्प्युटर म्हणजे ते २४ बहुतेक तुमच्याकडे आधीच आहेत. चार वर्षांची डिग्री असल्यामुळे बॅचलर्सचा वादही नाही. तुम्हाला मुख्यतः अकाउंटिंगचे २४. आणि एक सांगू, २०२४ पासून सीपीएची परीक्षा बदललीय, ऑडिट, फायनान्शियल रिपोर्टिंग, टॅक्स-रेग्युलेशन हे तीन सगळ्यांना आणि चौथा पेपर तीन पर्यायांतून एक. त्यात एक इन्फर्मेशन सिस्टिम्स अँड कंट्रोल्स आहे, तुमच्या पार्श्वभूमीला अगदी जुळणारा.

ऑस्टिनवाला
बे एरियाबाहेरच्यांसाठी लिहितो नाहीतर कोणीतरी हे वाचून डॅलसला क्लास घेईल. टेक्सास बोर्ड इंट्रोचे अकाउंटिंग क्लास मोजत नाही, अपर लेव्हलचे लागतात, कम्युनिटी कॉलेजचे चालतात पण बोर्डाने मान्य केलेल्या कॉलेजांचे आणि तेही पदवीधरांसाठीचे ठराविक कोर्स, आमचं ऑस्टिन कम्युनिटी कॉलेज त्यात आहे. एथिक्सचा कोर्स पण बोर्डाने मंजूर केलेलाच. व्हर्जिनियातही प्रिन्सिपल्स लेव्हलचे क्लास अकाउंटिंगच्या तासांत धरत नाहीत. एच१बीवाल्यांचं कधी कुठे बदली होईल सांगता येत नाही त्यामुळे इंट्रोवर थांबू नका, इंटरमीजिएटच्या वरचे क्लास जास्त करा, ते सगळीकडे उपयोगी पडतात.

जमाखर्च
मी जरा वेगळं मत मांडतो. सगळ्यांनी सीपीएच्याच मागे का लागायचं? मी एनरोल्ड एजंट (ईए) आहे. आयआरएसची (अमेरिकेचं आयकर खातं) तीन भागांची परीक्षा, वैयक्तिक टॅक्स, बिझनेस टॅक्स आणि रिप्रेझेंटेशन. डिग्रीची अट नाही, इव्हॅल्युएशन नाही, १५० युनिट नाहीत, आणि लायसन्स फेडरल असल्यामुळे राज्य बदललं तरी तेच चालतं. कम्युनिटी कॉलेजात मी इंडिव्हिज्युअल टॅक्स आणि बिझनेस टॅक्स हे दोनच क्लास घेतले, दोन्ही शिकवणारे सर दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करणारे होते आणि खरे फॉर्म फळ्यावर भरून घ्यायचे. आमच्या क्लासने मग व्हीटामध्ये कमी उत्पन्नवाल्यांचे रिटर्न फुकट भरून दिले, आयआरएसचाच कार्यक्रम आहे तो. एका सीझनमध्ये जे शिकलो ते पुस्तकात नाही. त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रोग्रॅम चांगला कुठला, तर जिथे व्हीटाची साइट चालते आणि संध्याकाळचे शिक्षक प्रॅक्टिसमधले आहेत.
सीपीए किंवा ईए नसताना कॅलिफोर्नियात पैसे घेऊन रिटर्न भरायचे तर सीटीईसीची (कॅलिफोर्निया टॅक्स एज्युकेशन कौन्सिल) नोंदणी लागते, ६० तासांचा कोर्स आणि ५००० डॉलरचा बाँड. काही कॉलेजं तो कोर्सही घेतात.

ताळेबंद
ईएबद्दल पूर्ण मान्य, ज्यांना टॅक्सच आवडतो त्यांनी तेच करावं. पण कृष्णाकाठना जमलं तर सीपीए करायचंय, त्यांना एका खिडकीत बसवू नका.
शिक्षकांबद्दलही थोडं वेगळं म्हणेन. टॅक्स, ऑडिटला प्रॅक्टिसमधला माणूस उत्तम. पण इंटरमीजिएटला मला पूर्णवेळ शिक्षिका होत्या आणि त्या ऑफिस अवर्समध्ये डिफर्ड टॅक्स, लीजेस परत परत समजावून सांगायच्या, कारण त्या तिथेच असायच्या. पार्टटाइम शिक्षक क्लास संपला की दुसऱ्या कॉलेजला पळतात, त्यांचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. म्हणून विभागात एकतरी पूर्णवेळ अकाउंटिंगचा प्राध्यापक आहे का हे मी बघते.

मुलुंड_ईस्ट
माझा प्रश्न मुलीसाठी आहे, वेगळा धागा काढू का? ती ज्युनियर (अकरावीत) आहे, बिझनेस करायचंय, थेट यूसी मिळालं नाही तर डी अँझातून ट्रान्सफर असं चाललंय. तिने पण हे इंटरमीजिएट वगैरे करून ठेवावं का? पुढे हलकं जाईल.

सायली_फ्रीमाँट
इथेच विचारा की, विषय तोच आहे.

ताळेबंद
मुलुंड_ईस्ट, हेच ते शेजारच्या बाकाचं उदाहरण. मुलीने इंटरमीजिएट अजिबात करू नये. कम्युनिटी कॉलेजचे क्लास लोअर डिव्हिजन धरले जातात, इंटरमीजिएट तिला सीएसयू किंवा यूसीला गेल्यावर अपर डिव्हिजन म्हणून परत करावं लागेल. तिला लागतं ते फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजरियल अकाउंटिंग, मायक्रो, मॅक्रो, बिझनेस लॉ, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स, यातलं नेमकं काय ते ज्या कॅम्पसला जायचंय त्यावर. असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की कुठला क्लास कशाच्या बदल्यात चालतो त्याचा अधिकृत तक्ता येतो. काउन्सेलर काय म्हणतात, मैत्रिणीची आई काय म्हणते यापेक्षा तो तक्ता खरा.
सीएसयूला जायचं असेल तर ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री, २०१० च्या कायद्यानंतर आलेली, ती तिच्या कामाची आहे. यूसीत सहा कॅम्पस टॅग (ट्रान्सफर होणाऱ्याला प्रवेशाची हमी) देतात, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगमध्ये सगळी मेजर येत नाहीत, त्यामुळे कॅम्पसच्या नावावर जाऊ नका, मेजर तपासा. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच असतो, तो महिना चुकवू नका.

मुलुंड_ईस्ट
बापरे, बरं झालं विचारलं. एक राहिलं, सरकारी कॉलेज स्कोअरकार्डवर काही कॉलेजांचा ग्रॅज्युएशन रेट फारच कमी दिसतो, बायको म्हणते नकोच ते. त्यावर विश्वास ठेवायचा का?

ऑस्टिनवाला
बघायचा, पण कोणाचा आकडा आहे ते समजून. तो रेट त्याच कॉलेजातून डिग्री किंवा सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेल्यांचा असतो. डिग्री न घेता मध्येच ट्रान्सफर झालेला मुलगा त्यात पास धरत नाहीत, आणि कृष्णाकाठसारखी व्यक्ती जी सात-आठ क्लास घेऊन निघून जाणार ती तर त्यात पास म्हणून दिसणारच नाही. पगाराचे आकडेही फेडरल एड घेतलेल्यांचेच असतात. मुलीसाठी ट्रान्सफर रेट बघा, त्याने चित्र स्पष्ट होईल.
त्यापेक्षा चांगली जागा सांगतो. कॉलेजच्या साइटवर 'प्रोग्रॅम रिव्ह्यू' म्हणून शोधा. प्रत्येक विभागाला ठरावीक काळाने स्वतःचा आढावा लिहावा लागतो आणि तो बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना वाचायला खुला असतो. किती सेक्शन चालले, किती जण पास झाले, किती जणांनी मध्येच सोडलं, कुठला शिक्षक निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, सगळं त्यांच्याच शब्दांत. अ‍ॅडव्हायझरी कमिटीची मिनिट्सही शोधा, त्यात आसपासच्या कंपन्यांचे लोक येऊन आम्हाला काय येणारी माणसं हवीत ते सांगतात. ते वाचून कळतं की विभाग जागा आहे का झोपलाय.

कृष्णाकाठ
हे तर कधीच सुचलं नसतं! दोन तास तेच वाचतेय. एका कॉलेजच्या रिव्ह्यूत लिहिलंय की ऑडिटिंगला मागणी नसल्यामुळे तो क्लास बंद करायच्या विचारात आहेत, तिथलं नाव यादीतून काढलं.
आता सगळ्यात गरजेचं विचारते. माझं ईएडी किती टिकेल देव जाणे, त्यामुळे नोकरी लवकर हवी. क्लास चालू असताना काय मिळू शकतं?

जमाखर्च
अकाउंट्स पेएबल, रिसीव्हेबल, पेरोल क्लार्क, आणि जानेवारी ते एप्रिल टॅक्स ऑफिसं. क्विकबुक्स ऑनलाइनचं प्रोअ‍ॅडव्हायझर सर्टिफिकेशन इन्ट्युइट स्वतः फुकट देते, त्यासाठी कॉलेजात युनिट खर्च करू नका. टॅली येतंय म्हणजे सॉफ्टवेअरची भीती तुम्हाला नाहीच, फक्त सेल्स टॅक्स, डब्ल्यू२, १०९९ (उत्पन्नाचे टॅक्स फॉर्म) ही इथली भाषा शिकायची. रेझ्युमेवर 'सीए ऑफिस' असं नुसतं लिहू नका, कॅलिफोर्नियात सीए म्हणजे राज्य वाटतं, 'पब्लिक अकाउंटिंग फर्म' लिहा आणि किती क्लायंटची काय कामं केली ते लिहा.
कॉलेजातून इंटर्नशिप घ्यायची तर लक्षात ठेवा, एफ१ला (विद्यार्थी व्हिसा) मिळतं तसं सीपीटी-ओपीटी (शिकताना आणि शिकून झाल्यावर कामाची परवानगी) एच४ वर नसतं, सगळं ईएडीच्या तारखेवर. ज्यांच्याकडे ईएडी नाही त्यांना शिकायला काही अडचण नाही, युनिट जमा करत राहावेत, ते कुठे जात नाहीत.

ताळेबंद
अजून एक. १५० युनिटचा नियम सध्या सगळ्या देशात हलतोय. बॅचलर्स आणि दोन वर्षांचा अनुभव असा पर्याय ओहायोसारख्या राज्यांनी २०२५ मध्ये आणला, कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. त्यामुळे 'जादाचे युनिट जमवायला' म्हणून महागडा प्रोग्रॅम आत्ता कोणी गळ्यात मारत असेल तर थांबा, बोर्डाच्या साइटवर लागू होण्याच्या तारखा वाचा. अकाउंटिंगचे युनिट मात्र कुठल्याही रस्त्याने गेलात तरी लागणारच आहेत.

कृष्णाकाठ
ठरलं मग. इव्हॅल्युएशनची कागदपत्रं भावाला सांगितलीत, तो सोमवारी कोल्हापूरला जातोय. तोपर्यंत एक फेडरल टॅक्सचा क्लास घेते, तो भारतात झालेलाच नाही त्यामुळे दोनदा मोजायचा प्रश्न नाही. पण संध्याकाळचा सेक्शन भरलेला दाखवतोय, वेटलिस्ट आठवी आहे आणि इंटरमीजिएटला तर सिस्टिम प्रीरिक्विझिट (आधी केलेला असावा लागणारा क्लास) नाही म्हणून आतच घेत नाही.

ताळेबंद
आठवी म्हणजे हातात आल्यासारखीच आहे. पहिल्या दिवशी क्लासला हजर राहा, ऑनलाइन असेल तर त्याच दिवशी प्राध्यापकांना दोन ओळींचं ईमेल करा, नाव, वेटलिस्ट नंबर आणि क्लास का हवाय ते. पहिल्या आठवड्यात फी न भरलेले आणि हजर न झालेले गळतात आणि मग प्राध्यापक अ‍ॅड कोड (क्लासला नाव घालायचा नंबर) देतात, त्याला मुदत असते, कोड आला की त्याच दिवशी टाका. इंटरमीजिएटसाठी प्रीरिक्विझिट क्लिअरन्सचा फॉर्म असतो, त्याला परदेशी मार्कशीट चालते पण बहुतेक ठिकाणी इव्हॅल्युएशन जोडायला सांगतात, म्हणून तो पुढच्या टर्मला. टॅक्सचं पुस्तक नवीन विकत घ्यायच्या आधी शेड्यूलमध्ये झीरो टेक्स्टबुक कॉस्टची खूण आहे का बघा, आणि नसेल तर जुन्या वर्षाची आवृत्ती चालेल का ते सरांना विचारून घ्या, टॅक्समध्ये आकडे दरवर्षी बदलतात.